तोड्यासकट माप

आभार शेवटी मानायची पद्धत आहे हे मला माहीत आहे. पण आमच्या शाळेत मी दर वर्षी पाहते, आभारप्रदर्शन सुरू झालं की पाहुणे चपला शोधायला लागतात, सतरंज्या गुंडाळणारी मुलं एकेक टोक धरून तयार उभी असतात, आणि ज्यांचे आभार मानायचे ते बाहेर चहा पीत असतात. म्हणून मी सुरुवातीलाच मानून घेते. बाचे आभार, याडीचे आभार (याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई), धर्मपाल गुरुजींचे आभार, शेजारच्या कांतामावशीचे आणि भगवानराव पोस्टमास्तरांचे आभार. धुरपताबाईंचेही मानते, जरी त्यांनी माझ्या पायांना जे केलं ते मी विसरलेली नाही. विलायतेतल्या एका बूट शिवणाऱ्या गृहस्थाचे तर फारच आभार. त्याची सही आमच्या अख्ख्या राजुरात कोणाला वाचता आली नाही, त्यामुळे त्याचं नाव लिहिता येत नाही, याबद्दल त्याने क्षमा करावी. आणि चारोळीचे आभार. चारोळी ही आमची घोडी.

बा राजूरच्या कोळशाच्या खाणीत कारकून आहे. खाणीतले एक जुने साहेब विलायतेला परत गेले तेव्हा त्यांनी सगळं सामान नेलं, घोडी मात्र रेल्वेच्या डब्यात चढेना. हमाल लावले, फळ्या लावल्या, गुळाची भेली दाखवली. तिने गूळ खाल्ला आणि जागची हलली नाही. शेवटी साहेबांनी लगाम बाच्या हातात दिला, घोड्याच्या सामानाचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक दिलं आणि डोळे पुसले. आम्हाला वाटलं, किती माया! ते डोळे सुटकेचे होते हे पुढे कळलं. चारोळी कोणाचंही ऐकत नाही. लगामाला ती दागिना समजते.

ती ऐकते फक्त तोड्यांचं. सकाळी याडी सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन निघाली की तिच्या पायातले चांदीचे तोडे छुमछुम वाजतात, आणि चारोळी खुंटा उपटायला बघते. मी तिच्यावर बसते तेव्हा टाच मारली की माझा तोडा वाजतो, ती चालते. दोन्ही जोरात वाजले की पळते. यात माझं कौशल्य काही नाही. तिला वाटतं ढेप आली.

आता हे तोडे. आमच्याकडे मुलीच्या पायात एकदा तोडे चढले की सोनार ते पायावरच बंद करतो, आणि लग्नात मोठे तोडे येईपर्यंत ते उतरत नाहीत. आत खडे असतात. मी मागच्या बाकावरून उठले की सगळा वर्ग वळून बघायचा. फळ्यापर्यंत छुम छुम, परत येताना छुम छुम, आणि मुलींचं तोंडावर पदर घेऊन खी खी. म्हणून मी चोरासारखी पाय दाबून चालायला शिकले, आणि फळ्यापाशी तर जातच नसे. मला गणित येत नाही असा धर्मपाल गुरुजींचा समज माझ्या पायांनी करून दिला होता.

तर एक दिवस गुरुजींनी वर्गात परिपत्रक वाचलं. वणीला शाळांचा क्रीडा मेळावा, त्यात यंदा प्रथमच घोडेस्वारी.

मी मागून विचारलं, "गुरुजी, मुली चालतात का?"

वर्ग वळला. आवाज तोड्यांचा नव्हता, माझाच होता. मलाही नवीन होता.

गुरुजींनी परिपत्रक पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. "नाही म्हणून कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. आता गुरुजींबद्दल एक सांगते. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म घेतला, तेव्हापासून 'आजवर असंच चालत आलंय' हे वाक्य त्यांनी घरात आणि वर्गात बंद केलेलं आहे. ज्या मुलाने ते उच्चारलं त्याला बाहेर उभं करतात. त्यामुळे त्याच संध्याकाळी ते सायकल मारत मेळाव्याच्या समितीकडे गेले.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले म्हणे, "मुलगी? येऊ द्या की. आमची काही हरकत नाही. पण नियम म्हणजे नियम. गुडघ्यापर्यंतचे घोडेस्वारीचे बूट पाहिजेत. बूट नाहीत तर मैदानात पाय नाही." आणि हसले. कारण आमच्या भागात तसे बूट तीन-चारच जणांच्या पायांत होते, आणि ते सगळे पाय पोलिसांचे किंवा त्यांच्या भाच्यांचे होते.

मला जायचं होतं. त्या आधी मला इतकं जोरात काही हवं झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बूट हे ऐकूनच मी हरखले. गुडघ्यापर्यंत चामडं! आत तोडे कितीही वाजले तरी कोणाला ऐकू येणार?

बाने आधी खाणीतले रबरी बूट आणले. पाण्यात उतरणाऱ्या धिप्पाड माणसांचे ते. माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावले.

कांतामावशी कुडावरून बघत होती. ती गुरुजींची बायको. त्यांच्या आणि आमच्या घरात एक कूड, आणि त्या कुडाला मावशीचं डोकं कायम. "अव बसंते," ती याडीला म्हणाली, "पोट्टी यातच ठेवून दे. दाणे भराची कोठी होईन आन् पोट्टीही सापडन."

मग वणीच्या बाजारात गेलो. तिथला जोडेवाला म्हणाला, "शिवून देतो ना बाप्पा. पन मले आंधी एक तसा बूट दाखवा." बा म्हणाला, "तसा बूट असता त तुह्याकडे कायले आलो असतो?" जोडेवाला म्हणाला, "थे बी खरं हाय," आणि आम्ही परत आलो.

तेव्हा बाला साहेबांचं पुस्तक आठवलं. त्यात बुटांची चित्रं होती, आणि खाली छापलं होतं की माप पाठवा, जगात कुठेही शिवून पाठवतो.

"इलायतेले!" याडी म्हणाली. "पाय झाकाले घागरा पुरत नाई काय?"

"घागरा घालून घोडीवर बसता येत नाही," मी म्हटलं.

"मी बसली नाई काय? तुह्या बाले इचार."

बा पुस्तकात डोकं घालून बसला. याडी थोडा वेळ ढेप फोडत राहिली आणि मग निकाल दिला. "मांगा बूट. पन एक आयका. तोडे उतरनार नाईत. सोनार आनून तोडे तोडले त मी दोघाईले तोडीन."

बाने इंग्रजी पत्र लिहिलं. बाचं इंग्रजी खाणीचं आहे. 'सदर कोळसा प्राप्त झाला' या धाटणीचं. तरी विलायतेहून उत्तर आलं आणि सोबत मापाचा कागद. त्यावर पायाचं चित्र, चित्रावर आडव्या रेघा. प्रत्येक रेघेसमोर रिकामी जागा.

रविवारी अंगणात माझं माप घेतलं. मला पाटावर उभं केलं. गुरुजींकडे शिंप्याची फीत, बाकडे दौत-टाक. पडू नये म्हणून कांतामावशीने मला मागून धरलं होतं, आणि पडू नये म्हणून मावशीला धुरपताबाईंनी. धुरपताबाई चार घरं पलीकडे राहतात, त्यांना औषधातलं कळतं असं त्यांचं मत आहे. पाऊल बाने वर्तमानपत्रावर काढून घेतलं. गुरुजी खाली बसून ओरडत होते, "गुडघ्याखाली! पोटरी! घोटा!" आणि बा मागून तेच म्हणत लिहीत होता. देवळातली आरतीच जणू.

घोट्याशी गुरुजींनी फीत फिरवली. तोड्यांवरून. आकडा सांगितला. बाने लिहिला. कोणी काही बोललं नाही. आज सगळे एकमेकांना विचारतात, तुम्ही काहून नाही बोललात? पण बोलणार कसे? माणसाचं वजन करताना त्याचे दात काढून ठेवतात का? आमच्या घरात पाय म्हणजे तोड्यासकट पाय. आणि गुरुजी आमच्या कुडाला कूड लावून राहतात, त्यांच्याही डोळ्यांना दुसरा पाय ठाऊक नव्हता.

कागद गेला. काही आठवड्यांनी पत्र आलं. बाने ते आधी मनात वाचलं, मग ओठ हलवत वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

"काय म्हनते थो?" याडीने विचारलं.

"तब्येत इचारून राह्यला."

"कोनाची?"

"जमनीची." जमनी म्हणजे मी.

त्या भल्या माणसाने लिहिलं होतं की इतकी वर्षं या धंद्यात घातली, पण पोटरीपेक्षा घोटा जाड असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. बाईंना अपघात झाला आहे काय? सूज उतरेपर्यंत थांबायला दुकानाची काहीच हरकत नाही, आणि त्या लवकर बऱ्या व्हाव्यात ही सर्व कामगारांची इच्छा आहे.

बाने हे घरात वाचलं. घर आणि मावशी यांच्यात एक कूड आहे हे मी सांगितलंच. संध्याकाळपर्यंत राजुरात बातमी, अमरसिंगाच्या पोरीचे पाय सुजले, विलायतेहून कळलं.

धुरपताबाई एरंडाची पानं आणि गरम तेल घेऊन हजर.

"धुरपताबाई, सूज नाही हो! बघा ना पाय!"

"दिसत नाई म्हनूनच त भेव हाय," त्या म्हणाल्या. "आतून हाय. तिकडच्या मानसाले समुद्रापलीकडून दिसली, आन् तुले इथं बसून दिसत नाई?"

मी बाकडे पाहिलं. बाने छताकडे पाहिलं. याडी म्हणाली, "बांधू दे व, तेलानं काय मरत नाई." माझे दोन्ही पाय घोट्यापासून एरंडाच्या पानांत गुंडाळून, वर जुनं धोतर बांधून मला शाळेत पाठवण्यात आलं. आठवडाभर घोडीवर बसायचं नाही असा हुकूमही झाला. रस्त्यात लोक थांबून विचारायचे, "काय व जमने, उतरली काय थोडी?" मी काय सांगणार? नसलेली सूज उतरली सांगितलं तर खोटं, आणि नाही सांगितलं तर धुरपताबाई.

पण त्या आठवड्यात एक झालं. फडक्याखाली तोडे गप्प होते. गुरुजींनी फळ्यावर उदाहरण घातलं आणि मी उठले, गेले, सोडवलं आणि आले. एक छुम नाही. गुरुजी खडू हातात घेऊन उभेच राहिले. "जमनी, तुला हे येत होतं?" मला वर्षभर येत होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, बूट आले की मैदानातच काय, शाळेतही तेच घालून यायचं. उन्हाळ्यातसुद्धा.

बाने उत्तर लिहायला दोन रविवार घेतले. सूज नसून चांदी आहे, चांदी पायावर कायम आहे, ती उतरवण्यास घरमालकिणीची परवानगी नाही, तरी बूट त्यासकट बसावेत. शेवटी सवयीने 'माल त्वरित पाठवणे' असं लिहिलं. विलायतेहून तार यावी तशा घाईने कळलं की ठीक आहे, शिवतो.

इथे आपले लोक उठले. परदेशी वस्तू मागवायची म्हणजे परकीय चलन, आणि परकीय चलनाची देशाला गरज. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने विचारलं, घोडेस्वारीचे बूट कशासाठी? बाने लिहिलं, घोडेस्वारीसाठी. त्यांनी विचारलं, घोडी आहे याला पुरावा काय? स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

मग दाखल्यासाठी आमचं कुटुंब एका कचेरीत गेलं. कोणत्या ते लिहीत नाही, त्यांनी शेवटी काम केलं. तिथले कारकून म्हणाले, "अर्जात घोडी लिहून काय होतं? उद्या तुम्ही हत्ती लिहाल."

बा म्हणाला, "घोडी बाहेर हाय, साहेब."

"बाहेरची घोडी तुमचीच हे कशावरून?"

तेव्हा याडी बाहेर गेली आणि व्हरांड्यातून आत चालत आली. मागोमाग चारोळी. पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून, दोन टेबलांच्या मधून, याडीच्या तोड्यांमागे मान हलवत. कारकून खुर्चीवर चढले. तिथून ते टेबलावरही चढले असते, पण चारोळी तोवर टेबलाशी पोचली होती आणि त्यांची शाई हुंगत होती.

"लिहून द्या बाप्पा," याडी म्हणाली. "तिले घाई नाई. तुमाले असन त."

त्यांनी खुर्चीवर उभ्यानेच लिहिलं, 'घोडी समक्ष पाहिली. घोडी आहे. फार आहे.' तो दाखला मला फ्रेम करायचा होता, पण तो मुंबईला गेला.

परवानगी मिळाली. बूट बोटीने निघाले. आणि मुंबईच्या बंदरावर अडकले. तिथून प्रश्न आला की माल घोडीच्या सामानात धरायचा की पादत्राणांत? दाखला घोडीचा जोडलेला आहे. बूट घोडीचे असतील तर दोनच कसे, उरलेले दोन कुठे आहेत आणि ते दडवण्याचं कारण काय?

बा तो कागद घेऊन ओट्यावर बसला. इतका वेळ बसला की मावशीने कुडावरून चहा दिला. "अमरसिंगभाऊ, आता घोडीचं माप घेता काय?" तिने विचारलं. बाने चहा न पिता परत दिला. बा चहा परत देतो म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना समजतं. त्या रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "जमने, नाई आले त?"

मी म्हटलं, "तर पुढच्या वर्षी." म्हटलं खरं. पुढच्या वर्षी मी मॅट्रिकच्या वाटेवर असणार, आणि मॅट्रिकच्या वाटेवर मुलींसाठी पाहुणे उभे असतात हे मला माहीत होतं.

गुरुजींनी मुंबईला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाहीत. मावशी म्हणते, लिहिताना टाकाचं टोक मोडलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. बूट नव्हते. तरी आम्ही गेलो. मी, बा, गुरुजी, मावशी, धुरपताबाई, आणि पुढे याडी, कारण इतका लांबचा रस्ता चारोळी नुसत्या माझ्या तोड्यांवर आली नसती. समितीचे गृहस्थ दोरीपाशीच होते. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"घोडेस्वारीला अजून वेळ आहे," गुरुजी म्हणाले.

"बुटांनाही," गृहस्थ म्हणाले.

इतर तीन घोडे आत गेले. मधला ठाणेदारांच्या भाच्याचा, बुटांना इतकं पॉलिश की त्यात मैदान दिसावं. आणि तेवढ्यात धुळीचा एक लोट राजूरच्या रस्त्याने येताना दिसला. लोटाच्या आत सायकल, सायकलवर भगवानराव पोस्टमास्तर, आणि मागच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेलं खोकं.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मी खोक्यावर झडप घातली, तर भगवानरावांनी हात आडवा केला.

"आधी सही."

"काका!"

"सरकारी पार्सल हाय, पोरी. मी हाफिस बंद करून इथवर आलो, थे बी नियमाबाहेर हाय. आता सही बी नाई घेतली त माह्यात उरलं काय?" त्यांना धाप लागली होती, टोपी कुठेतरी पडली होती. मी सही केली. माझ्या आयुष्यातली पहिली शाईची सही. मी वळून त्यांच्या पायाही पडले, ते मात्र सायकलच्या पंक्चरकडे बघत होते.

खोकं उघडलं. वास! नव्या चामड्याचा, मेणाचा, आणि कुठल्यातरी थंड देशाचा. लालसर तपकिरी, अगदी चारोळीच्या रंगाचे बूट. पोटरीला घट्ट, आणि घोट्याशी मडक्यासारखे फुगलेले, बाजूने नाडी बांधायला फट. आत चिठ्ठी होती. बाने वाचली, बाईंच्या चांदीला चामड्याचा आणि पायाला चांदीचा काच होऊ नये म्हणून घोट्याशी मेंढीच्या मऊ लोकरीचं अस्तर लावलं आहे, कसं वाटतं ते अवश्य कळवावं.

मी पाय घातला. सरळ आत. तोडे लोकरीत जाऊन बसले, जशी अंडी घरट्यात बसतात. नाडी बांधली. उठले, चालले, दोन उड्या मारल्या. कुठेही छुम नाही! मला वाटलं, आता मी कोणीही असू शकते. भाच्याच्या बुटांकडे मी असं पाहिलं की त्याने पाय मागे घेतले.

समितीच्या गृहस्थांनी वाकून बूट पाहिले, फुगीर घोटे पाहिले, नियमपत्रक पाहिलं. त्यात घोट्याच्या आकाराबद्दल काही नव्हतं. दोरी वर झाली आणि मी आत गेले.

शिट्टी वाजली. तीन घोडे उधळले. मी टाच मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. चारोळीने मान वळवून मला पाहिलं, ओळख नसल्यासारखं, आणि दोरीला लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरण खायला लागली. मी लगाम ओढला. ते तिला आवडतं, तिने मान मिरवली. लोक हसायला लागले. ते हसणं मला माहीत होतं. वर्गातलंच, फक्त अख्ख्या मैदानाएवढं. तीन घोडे पहिल्या वळणाशी पोचले होते.

"बूट आले, घोडी राह्यली!" गर्दीतून कोणी ओरडलं.

मला रडू येणार इतक्यात दोरीपलीकडून याडीचा आवाज आला. "आव माय! पोट्टीचे तोडे मुके झाले!"

मी वळून पाहिलं. याडीने घागऱ्याचा ओचा खोवला. ओढणी मावशीच्या हातात दिली. आणि दोरी ओलांडून ती मैदानात उतरली. समितीचे गृहस्थ "बाई, बाई!" करत धावले, त्यांना धुरपताबाईंनी हाताला धरून थांबवलं आणि त्यांच्या डोळ्याखाली सूज आहे म्हणून सांगितलं.

याडी चारोळीच्या नाकासमोर उभी राहिली. उजवा पाय आपटला. छुम.

कान वर.

डावा आपटला. छुम. तोरण तोंडातून गळलं.

"चाल व चारोळे!" याडी म्हणाली आणि पळत सुटली.

याडीला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. कांतामावशीने पाहिलं नव्हतं, बाने तर नव्हतंच. घागऱ्याचे आरसे उन्हात चमकत होते, तोडे ताशासारखे वाजत होते, आणि मागे चारोळी चौखूर, ढेपेच्या आशेने, आणि तिच्यावर मी, विलायती बुटांत, जीव मुठीत आणि आयाळ दुसऱ्या मुठीत. मैदानाच्या मधूनच याडीने वाट काढली. नियम कडेने पळायचा होता. मग तिला गर्दीतून सगळे ओरडले, "बसंताबाई, कडेनं! कडेनं!" तेव्हा ती कडेला वळली, आम्ही वळलो. भाच्याच्या घोड्याने एवढा लखलखता घागरा अंगावर येताना पाहिला आणि तो भाच्यासकट वणीच्या बाजाराकडे निघून गेला. तो संध्याकाळी परत आला. भाचा आधी आला.

मला आठवतं ते एवढंच की मी ओरडत होते, "याडी, अजून जोरात!" पाच मिनिटांपूर्वी ज्या आवाजातून सुटले म्हणून मी उड्या मारत होते, तोच आवाज मी भर मैदानात, सगळ्या शाळांसमोर, घसा फाडून मागत होते.

निकाल लावायला समितीने फार वेळ घेतला. पहिला आला तो मारेगावकडचा एक मुलगा, त्यात वाद नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर रेघ ओलांडली होती ती याडीने. तिसरी मी. गुरुजी म्हणाले, बाई घोड्यावर नव्हती, तिला धरूच नका. समितीतले एक म्हणाले, पण रेघ ओलांडली ना? शेवटी त्याच गृहस्थांनी नियमपत्रक काढलं आणि निर्णय दिला की सदर बाईंच्या पायात घोडेस्वारीचे बूट नव्हते, सबब त्या बाद. म्हणून मी दुसरी.

मला पितळेचा पेला मिळाला. तो घ्यायला मंचापर्यंत जायचं होतं. मी खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट काढून बाच्या हातात दिले आणि अनवाणी गेले. छुम, छुम, छुम. सगळं मैदान वळलं. वळू दे. मी मुद्दाम लांबच्या बाजूने गेले.

त्या दिवसापासून शाळेत मी पाय आपटत चालते. गुरुजी म्हणतात, आता जरा हळू चाललीस तरी चालेल.

एका फोटोवाल्याने शर्यतीचा फोटो काढला होता. विलायतेच्या गृहस्थाने कसं वाटतं ते कळवायला सांगितलं होतं, म्हणून बाने तो पाठवला. त्यात घोडीचं अर्धं तोंड आहे, माझ्या बुटाचं टोक आहे, आणि मधोमध दोन्ही पाय हवेत असलेली याडी आहे.

परवा उत्तर आलं. आम्ही सगळे अंगणात जमलो. बाने ओठ हलवत वाचलं आणि एकाएकी थांबला.

"काय म्हनते?" याडीने विचारलं. ती ढेप फोडत होती.

"फोटो दुकानात लावला म्हनते. लोक थांबून पाह्यतात. आन्..." बाने चष्मा पुसला. "पुढं पळते थ्या बाईचं माप पाठवा म्हनते. दुकानाकडून भेट."

मी याडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता घागऱ्याचं ऐकायला मिळणार. कूडही कान लावून थांबला होता.

याडीने हात झटकले, उठली, घरात गेली, पाट आणून अंगणात ठेवला आणि त्यावर उभी राहिली.

"पुढच्या साली कोनी मले बाद केलं नाई पाह्यजे," ती म्हणाली. "गुरुजीले हाका मार व जमने, फीत आना म्हना. आन् तुह्या बाले सांग, आंधीच लिहून टाक. माप तोड्यासकट हाय."